मागच्या तीन डब्यांतल्या पाट्या

सन दोन हजार अकरा. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो आणि लंडनजवळ क्रॉयडनला मुलाच्या घरातून भांडून बाहेर पडलो होतो. कारण फार मोठं नव्हतं. सूनबाईनं माझी पत्र्याची पेटी मला न विचारता लॉफ्टमध्ये टाकली. ती पेटी अडतीस वर्षं तंबू सिनेमाच्या ट्रकमधून सातारा, सांगली, सोलापूरकडच्या जत्रा फिरलेली. मी म्हणलं, जिथं पेटीला जागा नाही तिथं मला पण नाही. मुलगा म्हणाला, "अण्णा, पेटीत आहे काय पण? दोन स्क्रू ड्रायव्हर आणि एक मफलर." म्हणलं, "असंल. माझं आहे." दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं दोन रस्ते पलीकडे राहणाऱ्या एका मराठी बाईंच्या घरी मला खोली बघितली. बाई ऐंशीला आलेल्या, एकट्या, डोळ्यांनी अधू. घरात कोणी असलं तर त्यांनाही बरं, असं मुलानं आणि बाईंनी आपापसात ठरवलं.

त्या बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी सेक्रेटरीनं सगळ्यांकडून त्यांच्या आठवणी मागवल्यात. सगळे चांगलंच लिहितील. मी पण लिहितो. शाळा मी चौथीत सोडली, पण लिहायला येतं. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही बोला, मी फोनमध्ये टाइप करते. म्हणलं, नको. हे माझ्या हातानंच लिहिलं पाहिजे.

पहिल्या दिवशी बाईंनी दार उघडलं तेव्हा डोक्याला कानटोपी, अंगात पुरुषी कोट आणि हातात लाल पेन. मी बाहेर चपला काढायला लागलो.

"आत काढा. बाहेर ठेवल्यात तर कोल्हा नेईल."

मला वाटलं, मुलानं कुठं आणून टाकलं. लंडनच्या बाजूला कोल्हा कुठला? बाई वेडसर दिसतात. पुढच्या आठवड्यात एक चप्पल विसरून बाहेर राहिली आणि सकाळी नव्हती. बाई म्हणाल्या, "डावी गेली का उजवी?" म्हणलं, "डावी." "मग तोच. त्याला डावीच लागते." आणि आत निघून गेल्या, जशी काय रोजची ओळख.

त्यांनी पुण्याच्या कॉलेजात जर्मन शिकवलं होतं, आणि मग इथं येऊन गोऱ्या पोरांना अठ्ठावीस वर्षं जर्मनच शिकवलं. पुण्याची बाई इंग्लंडात पोरांना जर्मन शिकवते, हे मला कधी नीट पटलं नाही, पण मंडळातल्या लोकांना त्याचं काही वाटायचं नाही. रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी मास्तरकी गेली नव्हती. सगळ्याला दहापैकी मार्क द्यायच्या. चहाला, बसच्या ड्रायव्हरला, शेजारणीच्या गुलाबाला. माझ्या पहिल्या चहाला चार दिले. म्हणलं, "आमच्या तंबूत याच चहावर माणसं तीन खेळ काढायची." म्हणाल्या, "म्हणून चार. नाहीतर दोन होते." कौन्सिलचं पत्र आलं की त्यातल्या इंग्रजीच्या चुका लाल पेनानं काढायच्या, खाली मार्क टाकायच्या आणि उलट टपालानं कौन्सिललाच पाठवायच्या. एकदा तिथून एका माणसाचा फोन आला. मला वाटलं, आता दंड. तो म्हणे विचारत होता, की सहाचे सात होण्यासाठी काय करू.

मला त्या ऑपरेटर म्हणायच्या. "अहो ऑपरेटर." इथं आल्यापासून मला कोणी ऑपरेटर म्हणलं नव्हतं. मुलाच्या मित्रांसाठी मी काका, दवाखान्यात मी सर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तंबूत काय काम?" म्हणलं, "ऑपरेटर." "सोळाची मशीन चालवलीत कधी?" "पस्तीसची जास्त. पण सोळावर पण हात आहे." बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "जेवून घ्या. मग एक गंमत दाखवते."

ती गंमत म्हणजे जिन्याखालच्या कपाटात ठेवलेला एक सोळा एमएमचा प्रोजेक्टर आणि पाच डबे. एक टेक्निकल कॉलेज बंद पडलं तेव्हा त्यांचं सामान बाहेर टाकत होते, त्यातून बाईंनी ते उचलून आणलेले. पाच डब्यांत मिळून एकच सिनेमा होता. जर्मनीत बनलेला, मुका, साहसाचा, बाईंच्या जन्माच्याही आधीचा. मशीन सात वर्षं बंद होती. त्यांनी जर्मनीतल्या एका संग्रहालयाला पत्र लिहून विचारलं होतं. तिकडून उत्तर आलं की या सिनेमाचं आमच्याकडं फक्त एक मोडकं रीळ आहे, तुमच्याकडं पाच डबे असतील तर जपा.

बाईंच्या मनात एकच गोष्ट होती. मुक्या सिनेमात मधे मधे लिहिलेल्या पाट्या येतात, कोण काय बोललं ते सांगणाऱ्या. त्या सगळ्या जर्मन पाट्या वाचून मराठीत आणायच्या, मराठी पाट्यांसह सिनेमा मंडळाच्या लोकांना एकदा पूर्ण दाखवायचा, आणि मग डबे आणि पाट्यांची वही जर्मनीला पाठवून द्यायची. "मग मी मोकळी," असं म्हणायच्या. पहिल्या दोन डब्यांच्या पाट्या मी येण्याआधीच वहीत उतरल्या होत्या. मागचे तीन डबे राहिले होते, कारण मधल्या काळात डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. ऑपरेशनचा नंबर लागायला इथं किती वेळ जातो ते इथल्या माणसांना सांगायला नको.

मी मशीन खोलली. बेल्ट आणि दिवा मुलानं इंटरनेटवरून मागवून दिले, भांडण असलं तरी. बाकी मी केलं. पहिल्यांदा रीळ लावलं तेव्हा पडद्यावरची माणसं कोंबड्यांसारखी तुरुतुरु पळायला लागली. मेलेल्या माणसाची तिरडीसुद्धा धावत गेली. बाई म्हणाल्या, "मुके सिनेमे असेच असतात म्हणे." मी म्हणलं, "नसतात." मला जर्मन येत नाही, पण माणूस कसा चालतो ते कळतं. मशीनच्या पोटात एक खटका होता, बोलक्या सिनेमाचा वेग आणि मुक्याचा वेग बदलायचा. गंजून बोलक्यावर अडकला होता. दीड दिवस रॉकेलचा बोळा लावून तो सोडवला. परत रीळ लावलं आणि पडद्यावरची माणसं चालायला लागली. एक बाई जिना उतरून आली, सावकाश, प्रत्येक पायरीला हात कठड्यावर टेकत. आमच्या बाई पडद्याला अगदी नाक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "ती घाबरलेली आहे. वीस वर्षं मला वाटायचं, तिला घाई आहे." त्या दिवशी मला नऊ मार्क मिळाले. कोणाला दहा देत नसत.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एक नकाशे काढणारा तरुण, त्याच्याकडे डोंगरातल्या एका वाटेचा नकाशा. तो हडपायला एक टोळी त्याच्या मागं, आधी जहाजात, मग बर्फात, मग एका कारखान्याच्या छपरावरून. टोळीचा म्होरक्या कधी खुर्चीतून उठत नाही. दोन डबे संपेपर्यंत त्याचा चेहराही दिसत नाही, नुसता टेबलावर ठेवलेला पांढऱ्या हातमोज्यातला हात. तारऑफिसातून तारा पाठवणारी एक मुलगी आहे, ती त्या तरुणाला वाचवते का फसवते ते शेवटपर्यंत कळत नाही.

बाई कधी खाली बसून सिनेमा बघत नसत. कानटोपी घालून, हातात विणायची सुई घेऊन पडद्याशेजारी उभ्या राहायच्या आणि सुईनं दाखवायच्या. "बघा ऑपरेटर, हा दिग्दर्शक माणूस मोठा करत नाही. भिंत मोठी करतो. माणूस खाली, मुंगीएवढा. आता हा माणूस कितीही धावला तरी भिंत संपणार नाही, हे तुम्हाला आधीच कळलं." मग, "इथं बघा. पोलीस विचारतो, या सगळ्याच्या मागं कोण आहे? आणि लगेच दुसऱ्या खोलीतला पांढरा हात. प्रश्न एका घरात, उत्तर दुसऱ्या घरात. मधे एक शब्द नाही." मला ते आवडायचं. आमच्या सिनेमात असं झालं असतं तर खलनायकानं आधी हसून दाखवलं असतं.

एकाच गोष्टीवर आमचं जमायचं नाही. या दिग्दर्शकाला एक खोड होती. माणूस दार उघडून बाहेर गेला तरी हा खोली सोडत नसे. रिकामी खुर्ची, घड्याळ, अर्धा प्यालेला पेला, आणि हा बघतोय. मी म्हणलं, "बाई, आमच्या तंबूत हे मी कापलं असतं."

"का?"

"रिकाम्या खोलीवर पब्लिक शिट्ट्या मारतं. मग खडे मारतं."

"कापायचात तुम्ही?"

"मग? मालक सांगायचा, आज तीन खेळ झाले पाहिजेत, पहाटे ट्रक पुढच्या गावाला. सिनेमा अडीच तासांचा. मग आम्ही कापायचो. एक गाणं, बापाचं रडणं, कोर्टातलं भाषण. कोणाला कळायचं पण नाही. जोड असा घालायचो की पडद्यावर उडीसुद्धा दिसायची नाही."

माझ्या आवाजात अभिमान होता, तो मी लपवला नाही. अडतीस वर्षांत माझ्या तंबूत पडद्यावर उडी आली म्हणून खडा पडलेला नाही. बाईंनी कानटोपी काढली, परत घातली. म्हणाल्या, "ऑपरेटर, या खोलीतून माणूस गेलाय, हे आपल्याला कळायला वेळ लागतो. तो वेळ देतोय हा." मग सुई माझ्याकडे रोखून, "आणि माझ्या डब्यांना ब्लेड लावायचं नाही. समजलं?"

म्हणलं, "समजलं." का लावायचं नाही ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या मास्तरीण आणि मी अडतीस वर्षांचा ऑपरेटर. विचारायचं तर मला कमीपणा वाटला असता. शिकवायचं तर कदाचित त्यांना वाटलं असेल, की याला एवढं ठाऊक असणारच.

ऑपरेशनची तारीख आली. त्याच्या आदल्या रविवारी दुपारी बाईंनी मंडळाच्या पाच-सहा लोकांना हॉलमधल्या खेळाची तालीम म्हणून घरी बोलावलं. सेक्रेटरी होता. पुण्याचा, बँकेत कामाला, तेव्हा तरणा, बोलायला गोड. त्याची बायको आणि छोटी मुलगी होती. मी तिसरा डबा लावला. चित्र स्वच्छ होतं, वेग बरोबर होता. पण त्या प्रिंटमध्ये एक गोष्ट होती. दर दीड-दोन मिनिटांनी पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि पांढरं काहीतरी चमकून जायचं. डोळ्याची पापणी हलते तसं. मला ते आधीपासून खुपत होतं. त्या दिवशी लोकांसमोर ते दर वेळी माझ्या छातीत लागायला लागलं.

इथंच जन्मलेली ती छोटी म्हणाली, "आजी, आवाज कुठे गेली?" सगळे हसले. मग सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुमचा प्रोजेक्टर डोळा मारतोय हो. बाईंना का आम्हाला?" परत हसू. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. बाई पण हसल्या. काही बोलल्या नाहीत, सुईनं पुढचा जिना दाखवायला लागल्या. मी हसलो नाही.

दोन दिवसांनी बाईंचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि भाची त्यांना विश्रांतीसाठी एडिनबराला घेऊन गेली. तीन आठवडे. जाताना गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या, "आता आले की मागचे तीन डबे माझ्या डोळ्यांनी वाचणार. ऑपरेटर, कोल्ह्याला सांभाळा."

त्या गेल्यावर चौथ्या दिवशी मी डबे काढले. खिडकीत टेबल ओढलं, प्रोजेक्टरच्या पेटीतच जोड घालायची छोटी पट्टी होती, ती घासून पुसली. मुलाला सांगून जोड चिकटवायच्या सोल्यूशनची बाटली मागवली. म्हणाला, "बाईंनी सांगितलंय का?" म्हणलं, "माझं काम मला कळतं."

रीळ हातानं सरकवत मी ती पापणी शोधली. दोन फ्रेम, कुठं तीन. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं, मला न वाचता येणारी. मला वाटलं, ही लॅबची खूण. आमच्याकडं रिळांच्या सुरुवातीला, जोडाच्या जागी लॅबवाले असे आकडे, अक्षरं टाकतात, आणि कोणताही चांगला ऑपरेटर पहिल्यांदा काय करतो, तर ती कापून टाकतो. पाटी म्हणजे पडद्यावर वाचता आली पाहिजे, चांगली पाच-सात सेकंद. दोन फ्रेमची पाटी कधी कोणी ऐकलीय? बाई जर्मन शिकलेल्या, पहिल्या दोन डब्यांच्या पाट्या त्यांनी ओठ बघून, नाहीतर कुठल्या पुस्तकातून काढल्या असतील, असंच मी धरून चाललो होतो.

अकरा दिवस लागले. पाचही डबे साफ केले. सत्तरच्या वर जोड घातले, एकेक असा की बोट फिरवलं तरी लागू नये. कापलेले तुकडे बटाट्याच्या सालींबरोबर पिशवीत गेले आणि कौन्सिलची गाडी आली ती घेऊन गेली. मग मी एकटा बसून सगळा सिनेमा चालवून बघितला. एकदाही डोळा मिटला नाही. इथं आल्यापासून मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं, हे खरं सांगतो.

बाई परत आल्या त्या काळा चष्मा लावून. दारातच चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. "ऑपरेटर, तुम्ही एवढे म्हातारे आहात?" खूप खुशीत होत्या. कोट न काढता टेबलाशी बसल्या, वही उघडली, भिंग घेतलं. "तिसरा आणा."

मी डबा दिला. त्या रीळ खिडकीच्या उजेडात धरून फ्रेम फ्रेम सरकवायला लागल्या. तोंडानं चालूच होतं. "तुम्हाला ठाऊक आहे का, हे लोक मूळ फिल्ममध्ये पाटी पूर्ण ठेवत नसत. परदेशात पाठवायची, तिथं तिथल्या भाषेतली घालणार, मग जर्मन कशाला ठेवा? म्हणून नुसती दोन फ्रेम. जागा आणि मजकूर कळावा म्हणून. पुढं कोणाच्या तरी आळसानं आपली प्रिंट तशीच निघाली. पडद्यावर नुसती चमकते, पण भिंगाखाली धरली की सगळं वाचता येतं. पहिल्या दोन डब्यांत एक अक्षर सुटलं नाही..."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. हातात पातेलं होतं.

बाईंचं बोलणं हळूहळू कमी झालं. रीळ सरकत होतं. मग भिंग खाली आलं, परत वर गेलं. एका जागी त्या बराच वेळ थांबल्या. मग पुढं गेल्या, परत थांबल्या. अर्धा तास असा गेला असेल. त्यांनी भिंग ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"ऑपरेटर, माझ्या माघारी डबे उघडले होते का?"

मी म्हणलं, "नाही."

हा एकच शब्द. कसा आला मला ठाऊक नाही. सहासष्ट वर्षांच्या माणसाच्या तोंडून शाळेतल्या पोरासारखा आला. एकदा बाहेर पडल्यावर परत घ्यायला जी ताकद लागते ती माझ्यात नव्हती. तंबूत मालकानं कधी मला खोटा म्हणलं नाही, मी कोणासमोर मान खाली घातली नाही, हे मी जन्मभर सांगत आलो होतो.

बाई म्हणाल्या, "बरं." वही मिटली. थोड्या वेळानं, "मग या प्रिंटमध्ये पुढं पाट्या नव्हत्याच म्हणायचं." त्या दिवशी माझ्या चहाला मार्क दिले नाहीत.

मला वाटलं, आता त्या हॉलचा कार्यक्रम रद्द करतील. केला नाही. पुढं महिनाभर आम्ही दोघं त्याच घरात राहिलो, त्याच टेबलावर जेवलो. त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या, कोल्ह्याची चौकशी करायच्या. दुपारी मात्र दार लावून तिसरा, चौथा, पाचवा डबा घेऊन बसायच्या. काय लिहितात ते मी विचारत नसे. रोज सकाळी उठताना ठरवायचो, की आज सांगायचं. मग पहिला चहा व्हायचा, रेडिओ लागायचा, आणि दिवस निघून जायचा.

खेळ रविवारी दुपारी होता, चर्चच्या हॉलमध्ये. साठ-सत्तर माणसं आली. साडी नेसून, डबे घेऊन, गणपतीला जमतात तशी. मी मागं मशीनशी. बाई पडद्याशेजारी, साडीवर तोच कोट, समोर लॅपटॉप. मराठी पाट्या पडद्याखाली दिसायच्या आणि बटण त्या स्वतः दाबायच्या. पहिले दोन डबे असे गेले की काय सांगू. पाट्या साध्या, आपल्या घरातल्या मराठीत. "तुझा नकाशा खोटा आहे, पण तू खरा आहेस, म्हणून भीती वाटते," असं ती तारेवाली म्हणते, तेव्हा हॉलमधली कुजबुज थांबली. माणसं चहाचे कप हातात घेऊन तशीच राहिली.

तिसरा डबा लावायला मी दिवे लावले. तेव्हा बाई उठून पुढं आल्या.

"आता पुढचे तीन डबे पाट्यांशिवाय आहेत," त्या म्हणाल्या. वर्गात म्हणतात तशा, खणखणीत. "या तीन डब्यांत पाट्या होत्या. माझ्या हलगर्जीपणामुळे त्या गेल्या. फिल्म जपायची जबाबदारी माझी होती, मी जपली नाही. जगात दुसरीकडे त्या पाट्या नाहीत. तेव्हा तुम्हाला आता माणसं काय बोलतात ते कळणार नाही. माझ्याकडून चूक झाली. माफ करा."

कोणीतरी म्हणलं, "असं काय बाई, होतं असं." सेक्रेटरी उठून म्हणाला, "बाई, तुम्ही एवढं केलंत हेच खूप आहे," आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. मी मशीनमागं उभा. रीळ लावून झालं होतं, हाताला काही काम नव्हतं. त्या साठ-सत्तर माणसांत खरं ठाऊक असलेला मी एकटाच, असं तेव्हा मला वाटलं. एक पाऊल पुढं टाकायचं होतं. मी दिवे घालवले.

पुढचा सव्वा तास पडद्यावर माणसं तोंडं हलवत राहिली. पांढऱ्या हातमोज्यातला माणूस शेवटी खुर्चीतून उठतो, तारेवालीसमोर उभा राहून बराच वेळ काहीतरी सांगतो, आणि ती रडायला लागते. काय सांगितलं ते कोणाला कळलं नाही. आता कोणाला कधी कळणारही नाही. रिकाम्या खोल्या मात्र सगळ्या होत्या. त्यांना मी हात लावला नव्हता.

परत येताना आम्ही ट्राममध्ये शेजारी बसलो. डबे माझ्या पायाशी. अजून बाहेर उजेड होता. बराच वेळ बाई खिडकीतून बघत होत्या. मग म्हणाल्या, "जोड फार सुंदर घातलेत हो. भिंगाखालीसुद्धा शोधावे लागले मला." आवाजात राग नव्हता. चांगल्या कामाला चांगलं म्हणावं, तसं म्हणाल्या. आणि वाट बघत राहिल्या. मला तिकडं न बघताही कळत होतं, की त्या वाट बघतायत. तीन स्टॉप गेले. चौथ्याला आम्ही उतरलो. मी दोन्ही हातांत डबे घेतले आणि पुढं चालायला लागलो.

मी त्या घरात नंतर चार वर्षं राहिलो, त्या जाईपर्यंत. डबे जर्मनीला गेले, बरोबर वही. वहीत तिसऱ्या डब्यापासून पुढं प्रत्येक जोडाला आकडा होता आणि पुढं एक रिकामी ओळ, असं भाचीनं मला सांगितलं. ते मी पाहिलेलं नाही. त्या चार वर्षांत बाईंनी तो विषय एकदाही काढला नाही. मी पण नाही. म्हणून मंडळाच्या सगळ्यांना आज हे सांगतो, की त्या दिवशी हॉलमध्ये बाईंनी जी माफी मागितली ती त्यांची नव्हती. पाट्या मी कापल्या.

हे सांगायला खरी वेळ एकच होती. खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो, दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि खाली आलो. बाई आधीच टेबलाशी होत्या. पुढं काही कागद नव्हता, पेन नव्हतं, रेडिओ बंद होता. समोरची खुर्ची त्यांनी थोडी बाहेर ओढून ठेवली होती. म्हणाल्या, "बसा."

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. म्हणलं, "बाई, दूध संपलंय. घेऊन येतो."

फ्रीजचं दार उघडंच होतं. दुधाच्या दोन बाटल्या समोर होत्या, भरलेल्या. त्यांच्या नव्या डोळ्याला त्या दिसत होत्या, मलाही दिसत होत्या. बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणा."

मी कोट घातला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून तिसरी बाटली घेऊन आलो.